शिवराई आणि टूथपेस्ट

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला नाण्यांचं प्रेम असतं, असा एक गैरसमज लोकांत आहे. हलवायाला जिलबीचं जितकं प्रेम असतं तितकंच आम्हाला नाण्यांचं, म्हणजे मुळीच नसतं. खोटं वाटत असेल तर सांगोल्याच्या आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर येऊन पाहा. कोथिंबीर विकणाऱ्या मावशी पिशवीची नाडी सोडतात आणि दोनशे-अडीचशे नाण्यांचा ढीग माझ्यापुढे ओततात. त्या ढिगातून एखादी मेथीची काडी निघते, एखादं सुपारीचं खांड निघतं, आणि "बिगीबिगी मोज बाबा, मला येस्टी गाठायची हाय" असा हुकूम निघतो. बी.कॉम.ला मी अकाउंटन्सी शिकलो, बँकिंगचा कायदा शिकलो, परंतु मेथीची काडी कोणत्या खात्याला जमा करायची ते कोणी शिकवलं नाही.

त्यात मध्यंतरी दहा रुपयांचं नाणं बंद झाल्याची आवई उठली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं की, बाबांनो, या नाण्याचे चौदाच्या चौदा नमुने चालू आहेत. पण रिझर्व्ह बँक पडली मुंबईत आणि चहाची टपरी आमच्या कोपऱ्यावर. टपरीवाल्याने "चालत न्हाई" म्हटलं की सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागल्यासारखा विषय संपतो. मग ती सगळी नाणी बँकेत येतात आणि आम्ही ती मोजत बसतो.

दिवसभर नाण्यांशी असा संसार करून घरी आलेल्या माणसाच्या पुढ्यात आणखी एक नाणं ठेवलं तर त्याला काय वाटेल? मला तसंच वाटलं. पण ठेवणारे आमचे अण्णा होते, म्हणून मी तसं दाखवलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची हयात गेली. धूळ, वाळवी आणि जुनी दप्तरं यांच्या संगतीत ते मोडी वाचायला शिकले, इतकंच नव्हे, लिहायलाही शिकले. निवृत्तीनंतर तालुक्यातल्या भाऊबंदकीच्या निम्म्या भांडणांत दोन्ही बाजूंचे कागद अण्णाच वाचून देत, आणि दोन्ही बाजू त्यांच्यावर सारख्याच नाराज असत. अशा माणसाचा शब्द घरात शेवटचा असतो.

"अरे, शिवराई पुसट होत चाललीय," अण्णा म्हणाले. "'राजा' दिसतो, 'शिव' दिसत नाही."

मी डबी हातात घेतली. दोन झाकणं एकमेकांत दाबून बसणारी, जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची डबी. १९८३ साली मुंबईच्या फोर्टात एका फुटपाथवरून आमच्या मामांनी ती आणली होती. एके काळी ती पारदर्शक होती एवढाच त्या शब्दाचा अर्थ. चाळीस वर्षांत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे अण्णांनी ती टेबलावरून सरकवली होती, प्रत्येकाने ती उलटसुलट करून पाहिली होती, आणि पोरांनी तिचा कॅरमची सोंगटी म्हणून वापर केला होता. तिच्या अंगावर इतके ओरखडे होते की आतलं नाणं पहाटेच्या धुक्यातल्या एस.टी.सारखं दिसत होतं. म्हणजे काहीतरी आहे एवढं कळत होतं, पाटी वाचता येत नव्हती.

"नाण्याला काही झालं नाही अण्णा, डबी खराब झालीय."

"मग डबी घास," अण्णा म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा नव्हता, पण फारच जवळ धरला होता. ही गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात यायला हवी होती.

आता ही शिवराई काय चीज आहे, ते सांगितलं पाहिजे. १६७४ च्या राज्याभिषेकापासून शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. होन आपल्यासारख्यांनी संग्रहालयाच्या काचेतूनच पाहायचा. शिवराई मात्र बाजारातलं नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. बस्स. ना राजाचं चित्र, ना सन, ना टांकसाळीचं नाव. आमच्या बँकेच्या साध्या पावतीवर याहून जास्त मजकूर असतो. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं हेच नाणं ठिकठिकाणच्या टांकसाळींत निघत राहिलं. तांब्याचा तुकडा ठशावर ठेवायचा आणि वरून हातोडा घालायचा. ठसा मोठा, तुकडा लहान, आणि हातोडा मारणाऱ्याला सुटायची घाई, त्यामुळे कुठे 'श्री' कडेवरून खाली पडते, कुठे 'जा' अर्धा राहतो. अक्षरलेखनाचं तर विचारूच नका. ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत टांकसाळीतले कारागीर आणि आजची शाळकरी पोरं यांचं गोत्र एकच. आजचे संग्राहक या चुकांवरूनच शिवराईचे प्रकार पाडतात, आणि जितकी चूक दुर्मीळ तितकी किंमत जास्त. आमच्या बँकेत हा नियम लागू असता तर माझ्या काही नोंदी लिलावात गेल्या असत्या.

या तांब्याच्या तुकड्याचा आमच्या गावाशी एक संबंध आहे. अण्णा तो प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात, कारण चहा झाला की पाहुणे उठतात.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. नानासाहेब पेशव्यांचा कारभार पुष्कळांना खुपत होता. त्यांपैकी प्रतिनिधींच्या बाजूचा यमाजी शिवदेव याने उघड दंड थोपटले आणि आमच्या सांगोल्याच्या किल्ल्यात ठाण मांडलं. त्याच्यावर चालून आले सदाशिवरावभाऊ. पानिपत अजून दहा वर्षं लांब होतं आणि भाऊसाहेबांचं वय वीस. या वयात मी बँकेच्या परीक्षेचे फॉर्म भरत होतो. भाऊसाहेबांनी रामराजाला बरोबर आणलं, किल्ला घेतला, आणि सप्टेंबर १७५० मध्ये इथे सांगोल्यातच रामराजाने राज्यकारभाराचे सगळे अधिकार पेशव्यांच्या हवाली केले. इतिहासात याला सांगोल्याचा करार म्हणतात. ज्या गावात आज नळाला पाणी कधी येणार यावर दोन माणसांचं एकमत होत नाही, त्या गावात एका राज्याची सूत्रं एका हातातून दुसऱ्या हातात गेली. बिचारा रामराजा साताऱ्याला परतला, तर दोन महिन्यांच्या आत ताराबाईंनी त्याला किल्ल्यात कैद करून ठेवलं. ज्याच्या सहीने करार झाला त्याच्या हाती शेवटी काहीच लागत नाही, हे जामीनदारांना आम्ही रोज समजावून सांगतो. ते ऐकत नाहीत.

पण अण्णांची गंमत पुढेच असते. "सत्ता बदलली, नाणं बदललं का?" असा प्रश्न ते बोट वर करून विचारतात. पाहुणे कपाकडे बघतात. नाणं बदललं नाही. सांगोल्याच्या करारानंतर कारभार सगळा पुण्याचा, पण तांब्याच्या पैशावर नाव शिवछत्रपतींचंच. आणि चांदीच्या रुपयावर? तिथे दिल्लीच्या बादशहाचं नाव, तेही फारसीत! अटकेपर्यंत घोडे नेणाऱ्या पेशव्यांनी रुपयावर स्वतःचं नाव घातलं नाही. पुण्याचा जो अंकुशी रुपया, त्याच्यावर त्यांची खूण म्हणून फक्त हत्तीचा अंकुश. लोकांचा विश्वास जुन्या नावावर असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या शाखेत आजवर नऊ मॅनेजर बदलले. रबरी शिक्का तोच आहे.

त्या काळी सांगोलं इतकं सुखवस्तू होतं म्हणे की त्याला 'सोन्याचं सांगोलं' म्हणत. १८०२ साली होळकरांच्या पठाणांनी ते लुटलं, अशी नोंद सोलापूर जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. मला त्या लुटीतल्या एकाच गोष्टीचं कुतूहल आहे. लुटलेली नाणी त्यांनी मोजली कशी? कारण तेव्हा रुपया म्हणजे एक रुपया नव्हता. पेशव्यांनी टांकसाळींचे परवाने खासगी माणसांना दिलेले. चांदवडचा रुपया वेगळा, पुण्याचा वेगळा, मिरजेचा वेगळा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावात चालवायचा तर बट्टा द्यावा लागे. झिजलेल्या नाण्यालाही बट्टा. नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो, तो बट्टा हाच. गावोगावचे पोतदार त्यासाठीच होते. नाणं दगडावर वाजवून पाहायचं, कसोटीवर घासून पाहायचं, आणि खरं ठरलं की सराफ त्यावर आपली बारीकशी खूण ठोकायचे. जुन्या रुपयांवर अशा फुलांच्या, चांदण्यांच्या, टिंबांच्या पाच-सहा खुणा सहज सापडतात. म्हणजे नाण्यावरचा ओरखडा हा तेव्हा दोष नव्हता. हा रुपया अमक्याने तपासला, तो खरा आहे, असा तो दाखला होता. १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया लागू केला, १८० ग्रेन वजनाचा, आणि पोतदारांचा धंदा हळूहळू बसला. आडनाव तेवढं राहिलं.

आमच्या घरात ही शिवराई आली आजीबरोबर, लग्नात. ती तिला तिच्या आईकडून मिळाली होती. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी तिची जागा. दर दसऱ्याला आजी देवांबरोबर तिलाही चिंच आणि राखेने लख्ख घासायची. हे ऐकून आमच्या हेड कॅशियरांनी कानांवर हात ठेवले. त्यांना नाणी जमवण्याचा नाद आहे. पंढरपूर आमच्यापासून फार लांब नाही, आणि चंद्रभागेत भाविकांनी टाकलेले पैसे पोरं दोरीला लोहचुंबक बांधून काढतात हे पुष्कळांनी पाहिलं असेल. हेड कॅशियर त्या पोरांकडे जाऊन बसत. पण चुंबकाला अलीकडची पोलादी नाणीच चिकटतात, तांबं चिकटत नाही, त्यामुळे जुनी शिवराई नदीतच राहते आणि हे महाशय दर वारीला रुपयांची चिल्लर घेऊन परत येतात.

"नाणं कधी घासू नये," ते मला म्हणाले. "तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांनी जो काळसर तपकिरी थर बसतो, तोच त्याचा दागिना. घासलं की किंमत गेली. तुमच्या आजींनी दर दसऱ्याला किंमत निम्मी केली."

मी हिशेब केला. पन्नास दसरे आणि दर वेळी निम्मी, तर शिवराईची किंमत आता अपूर्णांकात मोजण्याइतकीही उरत नव्हती. एक बरं झालं. घासताना हात बिघडला तरी नुकसान होण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"पण डबी घासायला हरकत नाही ना?"

"डबी खुशाल घासा. आणि ती मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांची अल्बम मात्र वापरू नका."

त्यांनी आपली करुण कहाणी सांगितली. एका स्टेशनरीच्या दुकानातून त्यांनी सुंदर अल्बम आणला. मऊ पी.व्ही.सी.ची पानं. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात ते कालांतराने बाहेर झिरपतं, आणि प्लॅस्टिकमधल्या क्लोरीनचं आम्ल तयार होतं. दोन पावसाळ्यांनी त्यांनी अल्बम उघडला तर सगळी तांब्याची नाणी हिरव्या चिकट लेपाने माखलेली, शेवाळलेल्या हौदातल्या पायऱ्यांसारखी.

अमेरिकेत हा नाण्यांच्या डब्यांचा मोठाच व्यवहार आहे. १९८६ आणि १९८७ साली तिथे दोन कंपन्या निघाल्या. तुम्ही नाणं पाठवा, ते त्याला ७० पैकी गुण देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. ही ७० गुणांची पद्धत शेल्डन नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली अमेरिकन सेंटसाठी काढली होती. ७० पैकी ७० म्हणजे पाडल्यापासून माणसाचा हात न लागलेलं नाणं. हात न लागलेल्या पैशाचं इतकं कौतुक मी बँकेबाहेर प्रथमच ऐकलं. आता नाणं आत सुरक्षित, पण पेटीला ओरखडे पडतातच. मग तिथले शौकीन रात्र-रात्र जागून पेट्या घासतात. म्हणजे आमच्या अण्णांचा हट्ट थेट आंतरराष्ट्रीय होता.

मी कामाला लागलो. पहिला प्रयोग शिवराईच्या डबीवर करण्याइतका मी मूर्ख नव्हतो. माझ्याकडे लहानपणापासून एक दहा पैशांचं नाणं होतं, १९७४ चं. त्या वर्षी सरकारने कुटुंबनियोजनाचा प्रचार थेट नाण्यावर केला होता. आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. तेही एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत होतं. सौ.च्या टेबलावर नेलपॉलिश पुसायचं द्रव्य होतं. ज्याने नखावरचा रंग निघतो त्याने प्लॅस्टिकवरचे डाग निघणारच, असं माझं तर्कशास्त्र. कापसावर घेऊन एक हात फिरवला मात्र, डबी पांढरीफटक! त्यात असतं ॲसिटोन, आणि ॲसिटोन असलं प्लॅस्टिक विरघळवतं, हे मला नंतर कळलं. कॉमर्सला केमिस्ट्री नसते. ते नियोजित कुटुंब तेव्हापासून कायमचं धुक्यात आहे. सौ. एवढंच म्हणाली, "बाटली परत जागेवर ठेवा."

शेवटी मी बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. एके काळी सांगोल्यातली प्रत्येक एचएमटी त्यांच्या हाताखालून गेलेली. बंगळूरचा तो कारखाना १९६१ साली जपानी सिटिझनच्या मदतीने सुरू झाला आणि २०१६ साली सरकारने गुंडाळला, पण चाचांच्या काचेच्या पेटीत एचएमटी 'जनता' अजून चालू आहेत. त्या घड्याळांची काच ही काच नसायचीच, असायचं प्लॅस्टिक. बैलगाडीच्या साट्यावर घासून, विहिरीच्या काठावर आपटून ती आंधळी झाली की शेतकरी चाचांकडे येत, आणि चाचा दहा मिनिटांत तिला डोळे देत.

चाचांनी भिंग डोळ्याला लावून डबी फिरवली. "जमंल की साहेब. पण ध्यानात घ्या, ओरखडा काढता येत न्हाई."

"मग?"

"आजूबाजूचं प्लॅस्टिक घासून त्याच्याइतकं खाली आणायचं. समदं सारखं झालं की ओरखडा कुठं ऱ्हायला?"

मी थक्क झालो. एक माणूस काम करत नसेल तर बाकीच्यांना त्याच्या पातळीवर आणायचं आणि शाखा एकसारखी करायची, ही पद्धत मला कार्यालयातून परिचित होती. ती पदार्थविज्ञानातही आहे, हे माहीत नव्हतं.

चाचांनी सगळी रीत सांगितली. आधी नाणं बाहेर काढा. डबी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर तिच्यावरची धूळच नवे ओरखडे पाडील. खोल ओरखड्यांना रंगारी वापरतात तो पाण्यातला पॉलिश पेपर, आधी हजार नंबर, मग दोन हजार. हजारने उभं घासायचं, दोन हजारने आडवं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाहीत ते कळतं. जोर द्यायचा नाही, प्लॅस्टिक तापलं की बिघडतं. शेवटी टूथपेस्ट. "पांढरी घ्या, साधी. ते रंगीत जेल नगं." टूथपेस्टमध्ये खडूसारखी अगदी बारीक भुकटी असते, आपल्या दातांवर आणि घड्याळाच्या काचेवर ती एकच काम करते. शेवटचा हात जुन्या धोतराच्या फडक्याने.

"आन् ह्यो खालच्या झाकणाचा कोपरा बघितला का?" चाचांनी भिंग माझ्याकडे दिलं. "ह्यो लई खोल हाय. कुणीतरी टोच्यानं काढल्यावानी."

मी पाहिलं. तो एक विचित्रच ओरखडा होता. कुठेही न तुटता, गिरक्या घेत, वर-खाली होत बोटभर लांब गेलेला. दारू प्यालेली मुंगी शाईतून चालत गेल्यासारखा. "पोरांचे उद्योग," मी म्हणालो.

चार रविवार मी डबी घासली. वरचं झाकण दोन रविवारांत लखलखीत झालं. उरलेले दोन रविवार त्या मुंगीने खाल्ले. हजार नंबरला ती दाद देईना, म्हणून मी आठशेवर उतरलो. शेवटी चौथ्या रविवारी संध्याकाळी ती गेली. मी डबी दिव्यासमोर धरली. इतकी स्वच्छ की आत हात घालावासा वाटावा. शिवराई आत ठेवली, झाकण दाबलं आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवली.

अण्णांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, खिडकीकडे धरली.

"घासलीस का?" अण्णांनी विचारलं. "अजून पुसटच आहे की."

माझा चेहरा त्यांना दिसला नसावा, हे आता लक्षात येतं. सौ.चं लक्ष मात्र होतं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून विचारलं, "अण्णा, आज तारीख किती?" अण्णांनी तारीख अचूक सांगितली. "पाहून सांगा," ती म्हणाली. अण्णा गप्प बसले.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, चांगला पिकलेला. चार रविवार मी चुकीची डबी घासत होतो.

आमच्या आजीचाही मोतीबिंदू काढला होता. भिंतीवरच्या फोटोत तिचा चष्मा आहे, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा. तेव्हा डोळ्यातलं गढूळ भिंग काढून टाकत आणि त्याची भरपाई नाकावर करत. आता डोळ्यातच दुसरं भिंग बसवतात. ते कशाचं असतं, असं मी डॉक्टरांना विचारलं. भीती वाटली की माणूस काहीही विचारतो.

"ॲक्रिलिकचं," डॉक्टर म्हणाले. "एक प्रकारचं प्लॅस्टिक."

मी जवळजवळ उठूनच उभा राहिलो. घड्याळाच्या काचेचं ते!

त्याची हकीकत मी नंतर वाचून काढली. हे प्लॅस्टिक १९३० नंतरच्या काही वर्षांत बाजारात आलं, जर्मनीत प्लेक्सिग्लास आणि इंग्लंडमध्ये पर्स्पेक्स या नावाने. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची झाकणं त्याचीच. वैमानिक आणि त्यांचे मदतनीस ती झाकणं तासन्‌तास घासत, कारण झाकणावरचा एक ठिपका आणि क्षितिजावरचं शत्रूचं विमान यांतला फरक कळेपर्यंत उशीर झालेला असे. ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानाचं झाकण गोळ्यांनी फुटलं आणि त्याचे कपचे दोन्ही डोळ्यांत शिरले. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत हॅरल्ड रिडली नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या लक्षात आलं की काचेचा कण डोळ्यात गेला तर डोळा चिडतो, पण हे प्लॅस्टिक डोळा निमूट सहन करतो. नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी पर्स्पेक्सचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. म्हणजे तिकडे अमेरिकेत शेल्डन नाण्यांना गुण देत होते, त्याच वर्षी. समव्यवसायी डॉक्टरांनी रिडलींना वेड्यात काढलं. पुढे म्हातारपणी त्यांच्याही डोळ्यांत तशीच भिंगं बसली आणि २००० साली त्यांना 'सर' केलं. ज्या शाखेने कर्ज नाकारलं तिथेच मुदत ठेव ठेवायला जाण्यासारखं हे समाधान असावं.

अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांना विमानाचं काही वाटलं नाही. "ओरखडे पडतात का त्याला?" एवढंच त्यांनी विचारलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मात्र ते देव्हाऱ्यासमोर बराच वेळ बसले होते, आणि मी बाहेरच्या खोलीत पंख्याकडे बघत पडलो होतो. ज्या माणसाने आयुष्यभर वाचण्याखेरीज दुसरं काही केलं नाही, त्याला उद्या वाचता आलं नाही तर तो काय करील, याचं उत्तर मला बी.कॉम.च्या कोणत्याच पेपरात मिळालेलं नव्हतं.

एक डोळा झाला, महिन्याने दुसरा झाला. हिरवी पट्टी गेली, काळा चष्मा गेला. एके सकाळी अण्णांनी पेपर हातभर लांब धरून श्रद्धांजलीच्या जाहिराती मोठ्याने वाचल्या, आणि घरातल्या सगळ्यांना अतिशय आनंद झाला. मग म्हणाले, "ती डबी आण."

डबी हातात घेऊन ते एकदम हसले. "अरे, हे 'शिव' नाहीच! 'सिव' आहे, 'सिव'! चाळीस वर्षं मी लोकांना चुकीचं सांगत आलो." टांकसाळीतल्या त्या कारागिराने दंत्य 'स' काढला होता आणि अण्णा त्याच्यावर बेहद्द खूश होते. हेड कॅशियरांना फोन करायचं ठरलं. मी म्हटलं, आजीने पन्नास वेळा निम्मी केलेली किंमत थोडी तरी वर येईल.

अण्णांनी डबी उलटी केली. खालच्या झाकणाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. डबी उजेडात तिरपी धरली.

"इथे लिहिलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"'आईने दिली. ज्येष्ठ शके १९०५.' ती गेली त्याच्या आठ दिवस आधी तिने माझ्या हातात ठेवली ही. तुझ्या मामाने डबी आणली त्या रात्री करकटकाने कोरलं होतं मी. मोडीत."

मोडीत लेखणी उचलत नाहीत. सगळी अक्षरं एका ओढीत, गिरक्या घेत जातात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. अण्णा दोनदा शिकवायला बसले होते, दोन्ही वेळा मला क्रिकेट होतं.

"मला वाटलं ओरखडा आहे," मी म्हणालो.

"न येणाऱ्याला तसंच दिसतं ते," अण्णा म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. डबी त्यांनी टेबलावर ठेवली आणि कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. सगळं स्पष्ट दिसत होतं त्यांना आता, रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटीसुद्धा.

संध्याकाळी बँकेतून आलो तर अण्णा टेबलाशी बसलेले. समोर नातीची कंपासपेटी उघडी आणि हातात करकटक. झाकणावर एक रेघ सुरू होऊन मध्येच थांबली होती. हात थोडा कापतो हल्ली.

"दिवा जरा अलीकडे घे," ते म्हणाले.

मी दिवा अलीकडे घेतला. त्यांनी पुन्हा टोक टेकवलं, आणि न उचलता हळूहळू ओढत नेलं. प्लॅस्टिकचा बारीक पांढरा कीस बाजूला होत होता. मी फुंकर मारायला वाकलो तर म्हणाले, "थांब, अजून झालं नाही."

"हे कुठलं अक्षर?"

"ज्ये. इकडून बघ, उलटं काय बघतोस."

मी खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसलो.